‘ला मांचातल्या एका गावी…’ : स्पॅनिश भाषिक जगात दोन किहोतेचा चारशे वर्षांचा मुक्काम

अक्षरवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली बरीच वर्षे मी स्पॅनिश शिकवते आहे. या काळात वर्गात पाहुणे म्हणून येऊन गेलेल्या स्पॅनिश भाषिकांना, मग ते माद्रिदचे असोत, बोगोताचे असोत की मेक्सिकोतल्या एखाद्या लहानशा शहरातले, मी एक गोष्ट नेहमी करायला सांगते. ‘दोन किहोते’ या कादंबरीचे ‘एन उन लुगार दे ला मांचा’ (ला मांचा या स्पेनमधल्या भागातल्या एका गावी) एवढे पहिले शब्द मी उच्चारायचे आणि पुढचे वाक्य त्यांनी पुरे करायचे. आजवर एकही पाहुणा अडखळलेला नाही. ‘दे कुयो नोम्ब्रे नो किएरो आकोर्दार्मे’, म्हणजे ‘ज्याचे नाव आठवण्याची मला इच्छा नाही’, हे ते विचार न करता म्हणून जातात. त्यांतल्या कित्येकांनी कादंबरी पूर्ण वाचलेली नसते आणि तसे ते मोकळेपणाने सांगतातही.

आपण ज्याला ‘डॉन क्विक्झोट’ म्हणतो, त्याला स्पॅनिशमध्ये ‘दोन किहोते’ म्हणतात. मिगेल दे सेर्बान्तेसच्या या कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये आणि दुसरा १६१५ मध्ये निघाला. पहिल्याच परिच्छेदात लेखक नायकाच्या स्वयंपाकघरात शिरतो. मटणापेक्षा गोमांस जास्त असलेला रस्सा, बहुतेक रात्री बारीक चिरलेले उरलेसुरले मांस, शुक्रवारी मसूर, शनिवारी ‘दुएलोस इ केब्रान्तोस’ म्हणजे शब्दशः ‘दुःखे आणि यातना’ असे नाव असलेला अंड्यांचा पदार्थ, आणि रविवारी जमलेच तर एखादे पारव्याचे पिल्लू. एवढ्यातच त्याचे तीन चतुर्थांश उत्पन्न संपते. शौर्यकथा वाचून वेडावलेल्या आणि जग जिंकायला निघालेल्या वीराची ओळख त्याच्या खानावळीच्या हिशेबाने करून देण्याची ही पद्धत मला आजही थक्क करते.

मला ज्या गोष्टीवर चर्चा हवी आहे ती मात्र पुढची आहे. १५९० मध्ये सेर्बान्तेसने राजाकडे अर्ज केला होता. लेपान्तोच्या लढाईत (१५७१) डावा हात निकामी झालेला, नंतर पाच वर्षे अल्जियर्समध्ये चाच्यांच्या कैदेत काढलेला हा माणूस अमेरिका खंडातल्या स्पॅनिश वसाहतींमधल्या चार रिकाम्या जागांपैकी एखादी मागत होता. त्यात ग्वातेमालातल्या सोकोनुस्कोचे राज्यपालपद होते आणि ला पासचे प्रशासकपदही होते. अर्जावर शेरा पडला की याने इकडेच काहीतरी शोधावे. लेखकाला समुद्र ओलांडू दिला नाही, पण पंधरा वर्षांनी त्याचे पुस्तक गेले. पहिली आवृत्ती छापून झाली त्याच वर्षी तिच्या प्रती जहाजांवर चढून अमेरिकेकडे निघाल्या होत्या. १६०७ मध्ये पेरूच्या डोंगराळ भागातल्या पाउसा नावाच्या गावी नव्या व्हाइसरॉयच्या नेमणुकीनिमित्त खेळ झाले, तेव्हा एक स्वार हडकुळ्या घोड्यावर बसून दोन किहोतेच्या वेषात मैदानात उतरला. त्याच्यामागे कादंबरीतला त्याचा सेवक सान्चो होता, गावचा पाद्री होता, न्हावी होता आणि राजकन्या मिकोमिकोनाही होती. पुस्तक निघून अवघी दोन वर्षे झाली होती, आणि अँडीज पर्वतातल्या प्रेक्षकांना ही सोंगे ओळखू येत होती.

माझे म्हणणे असे की ही कादंबरी स्पेनने अमेरिकेला दिलेली देणगी नाही. ती दोन्ही किनाऱ्यांवर जवळजवळ एकाच वेळी वाढली, आणि स्पेनला तिचे मोठेपण उमगण्यात अमेरिकेचाही हात आहे. आपल्याला काय वाटते?

नदीकाठ

अतिशय सुंदर धागा. एक भर घालतो. स्पेनच्या दरबाराने १५३१ मध्येच अद्भुतरम्य शौर्यकथा अमेरिकेत नेण्यावर बंदी घातली होती, कारण अशा खोट्या कहाण्यांमुळे तिथल्या रहिवाशांचा धर्मग्रंथांवरचा विश्वासही डळमळेल अशी भीती होती. ही बंदी कितपत पाळली गेली हे अक्षरवाट यांच्या पोस्टवरून दिसतेच.

सहाव्या प्रकरणात पाद्री आणि न्हावी मिळून दोन किहोतेच्या ग्रंथसंग्रहाची झडती घेतात आणि त्याला वेड लावणारी पुस्तके जाळण्यासाठी खिडकीतून अंगणात फेकतात. त्यांत सर्वांत आधी अंगणात जाऊन पडते ते ‘एस्प्लान्दियानचे पराक्रम’. याच पुस्तकात ‘कॅलिफोर्निया’ नावाचे काल्पनिक बेट आहे, आणि स्पॅनिश दर्यावर्दींनी खऱ्या भूमीला दिलेले नाव तिथूनच आले. म्हणजे पाद्रीबुवांनी पुस्तक जाळले, पण त्यातले बेट नकाशावर कायमचे राहिले. मला वाटते, अमेरिकेतल्या वाचकाला ही कादंबरी इतकी जवळची वाटण्याचे एक कारण इथे सापडते. पुस्तकात वाचलेले जग बाहेर शोधायला निघालेली माणसे तिथल्या इतिहासात खरोखर होती. दोन किहोतेचे वेड त्यांच्या पूर्वजांच्या ओळखीचे होते.

दूरदेशी

नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षे मध्य मेक्सिकोत राहिलो, म्हणून ग्वानाहुआतोबद्दल लिहितो. एके काळी चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेले हे डोंगरातले शहर आहे. सेर्बान्तेसने ते कधी पाहिले नाही आणि कादंबरीतही त्याचा उल्लेख नाही. तरीही आज सेर्बान्तेसच्या नावाने जमणारा लॅटिन अमेरिकेतला सर्वांत मोठा मेळा तिथेच भरतो.

त्याची सुरुवात फार साधी होती. १९५३ मध्ये तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक एन्रिके रुएलास यांनी विद्यार्थ्यांना आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन सान रोकेच्या लहानशा चौकात सेर्बान्तेसच्या ‘एन्त्रेमेसेस’ म्हणजे छोट्या विनोदी नाटिका बसवल्या. वेगळे रंगमंच नव्हते. चर्चची भिंत हा पडदा आणि भोवतालच्या घरांच्या खिडक्या-दारे ही पात्रांच्या येण्याजाण्याची वाट. त्यातूनच १९७२ मध्ये ‘फेस्तिव्हाल इंतरनासिओनाल सेर्व्हान्तिनो’ सुरू झाला. मी त्या चौकात उभे राहून नाटिका पाहिली आहे. शेजारी एक आजीबाई होत्या. नटांच्या आधी त्यांचे ओठ हलत होते, आणि एका नटाने शब्द गाळला तेव्हा त्यांनी तो मोठ्याने पुरवला. कोणालाही त्याचे नवल वाटले नाही.

त्याच शहरात १९८७ पासून केवळ दोन किहोतेच्या चित्रांचे आणि शिल्पांचे संग्रहालय आहे. ते ज्यांच्या संग्रहातून उभे राहिले ते एउलालिओ फेरेर स्पॅनिश यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले होते. पराभवानंतर ते सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले आणि तिथल्या निर्वासित छावणीत अडकले. छावणीत त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या बदल्यात दुसऱ्या एका माणसाकडून एक लहानसे पुस्तक घेतले. ते दोन किहोते निघाले. छावणीतले दिवस त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचून काढले, पुढे मेक्सिकोत आश्रय मिळाला, जाहिरातीच्या धंद्यात पैसा मिळाला, आणि आयुष्यभर जमवलेला संग्रह त्यांनी त्या देशाला दिला. देश गमावलेल्या माणसाकडे पुस्तक उरले होते, हे त्या दालनांतून फिरताना सतत जाणवते.

खडूफळा

धागा आवडला, परंतु एक गंभीर आक्षेप नोंदवल्यावाचून राहवत नाही. एखाद्या पुस्तकाचा प्रभाव आणि एखाद्या सत्तेचा प्रभाव यांत आपण गल्लत तर करत नाही ना? स्पेनमध्ये १९२० साली सरकारी आदेशाने दोन किहोतेचे वाचन शाळांत सक्तीचे झाले. आज स्पेनच्या दहा, वीस आणि पन्नास सेंटच्या नाण्यांवर सेर्बान्तेसचा चेहरा आहे. १९७६ पासून दिला जाणारा सेर्बान्तेस पुरस्कार स्पेनचे सांस्कृतिक मंत्रालय देते आणि १९९१ मध्ये स्थापन झालेली इन्स्तितुतो सेर्बान्तेस ही संस्थाही सरकारचीच आहे. अमेरिकेत तर ही भाषाच तलवारीच्या जोरावर पोचली. केचुआ, नाहुआत्ल, माया या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा बोलणाऱ्यांच्या मुलांना शाळेत दोन किहोते शिकवले जाते, तेव्हा त्याला ‘वारसा’ म्हणावे का? मी स्वतः शिक्षक आहे. सक्तीने शिकवलेली कविता मुलांच्या तोंडी राहते, पण मनात राहतेच असे नाही, हे मी रोज पाहतो.

अक्षरवाट (धागाकर्ती)

खडूफळा, आपला आक्षेप अगदी रास्त आहे आणि त्याला एका ओळीत उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

सक्तीच्या वाचनाबद्दल आपण जे म्हणता, तेच त्या वेळी स्पेनमधल्या ओर्तेगा इ गासेत या तत्त्वज्ञाने म्हटले होते. त्याने १९१४ मध्ये याच कादंबरीवर चिंतनपर ग्रंथ लिहिला होता, म्हणजे तिच्यावर त्याचे प्रेम नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही, पण लहान मुलांच्या हाती ती सक्तीने देण्याला त्याने जाहीर विरोध केला. सरकारांनी या पुस्तकाचा झेंडा केला हेही खरे आहे, आणि ते केवळ स्पेनपुरते नाही. क्रांतीनंतर क्युबात १९६० मध्ये राष्ट्रीय छापखाना सुरू झाला, तेव्हा त्याने छापलेले पहिले पुस्तक दोन किहोते होते, चार खंडांत, एक लाख प्रती, प्रत्येक खंडाची किंमत पंचवीस सेंताव्हो. २००५ मध्ये पहिल्या भागाला चारशे वर्षे झाली, तेव्हा व्हेनेझुएलाच्या सरकारने दहा लाख प्रती लोकांना फुकट वाटल्या.

मात्र सत्ताधाऱ्यांनी वापरलेले हे पुस्तक सत्तेबाहेर फेकल्या गेलेल्यांनीही तितक्याच हक्काने वापरले, आणि माझ्या मते प्रभावाची खरी परीक्षा तिथे होते. एक्वाडोरचा हुआन मोन्ताल्व्हो हुकूमशहांविरुद्ध लिहीत राहिला आणि त्यापायी हद्दपारीत जगला. त्याने दोन किहोतेची नवी प्रकरणे रचून ‘सेर्बान्तेसला विसर पडलेली प्रकरणे’ असा ग्रंथच लिहिला, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९८ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशी झालेल्या युद्धात स्पेनने क्युबा, पोर्तो रिको आणि फिलिपिन्स गमावले. साम्राज्य संपल्यावर ‘आपण आता कोण’ या प्रश्नाचे उत्तर तिथल्या लेखकांनी याच पुस्तकात शोधले. १९०५ या एकाच वर्षी स्पेनमध्ये उनामुनो या लेखकाने दोन किहोते आणि सान्चो यांच्या आयुष्यावर भाष्यग्रंथ लिहिला, आणि निकाराग्वाचा कवी रुबेन दारिओ याने ‘आमच्या प्रभू दोन किहोतेची आळवणी’ ही कविता लिहिली, जिच्यात तो या वेड्या सरदाराला संतासारखे साकडे घालतो. हरलेला स्पेन आणि उत्तरेकडच्या बलाढ्य शेजाऱ्याच्या सावलीत जगणारी मध्य अमेरिका यांना एकाच वेळी एकच पराभूत नायक जवळचा वाटावा, हे कोणत्याही सरकारी आदेशाने घडलेले नव्हते.

१९६५ मध्ये चे गेव्हारा याने आईवडिलांना निरोपाचे पत्र लिहिले, तेव्हा आपल्या टाचांखाली पुन्हा रोसिनान्तेच्या, म्हणजे दोन किहोतेच्या घोड्याच्या, बरगड्या जाणवत आहेत, असे त्याने लिहिले. त्याच्या राजकारणाबद्दल मते काहीही असोत, मुलगा घर सोडून कुठे आणि कशासाठी निघाला आहे हे आईवडिलांना कळण्यासाठी त्याला घोड्याच्या नावापलीकडे काही सांगावे लागले नाही.

आता केचुआबद्दल. आपल्या आक्षेपाचा सर्वांत दुखरा भाग हाच आहे. पेरूत कुस्कोमध्ये जन्मलेल्या आणि आयुष्यभर केचुआ शिकवणाऱ्या देमेत्रिओ तुपाक युपान्की यांनी दोन किहोतेचा पहिला भाग केचुआत आणला. तो २००५ मध्ये निघाला आणि दुसरा भाग २०१५ मध्ये. पाउसा गावात ज्या भाषेचे कान असलेल्या लोकांसमोर १६०७ मध्ये किहोतेचे सोंग निघाले असेल, त्या भाषेत तो बोलायला चारशे वर्षे लागली. अन्यायाची भरपाई अनुवादाने होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु हे काम करणाऱ्या केचुआ पंडिताला ते पुस्तक परक्या सत्तेचे वाटले नसावे, आपली भाषा ते पेलू शकते हे दाखवण्याजोगे वाटले असावे, असा माझा समज आहे.

खडूफळा

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मोन्ताल्व्होचे उदाहरण मला माहीत नव्हते. केचुआबद्दलचा माझा प्रश्न पूर्ण मिटला असे म्हणणार नाही, पण ‘हद्दपार माणसे’ हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. मोन्ताल्व्हो, फेरेर, आणि स्वतः कैदेत राहिलेला सेर्बान्तेस.

शब्दवेल्हाळ

भाषेच्या अंगाने थोडे लिहिते. आपल्याकडे ‘डॉन क्विक्झोटसारखे पवनचक्क्यांशी लढणे’ हा प्रयोग अग्रलेखांत दिसतो आणि त्याचा अर्थ असतो नसलेल्या शत्रूशी व्यर्थ झुंजणे. हा अर्थ आपण इंग्रजीच्या वाटेने घेतला. स्पॅनिश अकादमीच्या कोशात ‘किहोते’ हे सामान्यनाम आहे आणि त्याचा अर्थ पाहण्यासारखा आहे: स्वतःच्या फायद्यापेक्षा आदर्श वर ठेवणारा आणि न्याय्य वाटणाऱ्या गोष्टीसाठी निःस्वार्थपणे झटणारा माणूस. आपण ज्या शब्दाने हसतो, त्याच शब्दाने ते लोक एखाद्याचा गौरवही करतात.

लोकांच्या तोंडी असलेली वाक्ये तर आणखी मजेशीर प्रवास करतात. ‘कोन ला इग्लेसिया एमोस तोपादो’, म्हणजे ‘गाठ चर्चशी पडली आहे’, हे कोणत्याही बलाढ्य संस्थेपुढे हात टेकताना स्पॅनिश माणूस सर्रास म्हणतो. मूळ प्रसंग असा आहे की दुसऱ्या भागात मध्यरात्री एल तोबोसो गावात दुल्सिनेआ या दोन किहोतेच्या मनातल्या प्रेयसीचा महाल शोधताना अंधारात समोर एक मोठी इमारत येते, ती चर्च निघते आणि दोन किहोते सान्चोला तेवढेच सांगतो. तिथे मूळ क्रियापदही वेगळे आहे. लोकांनी ते बदलले आणि बदललेले वाक्य मूळापेक्षा जास्त चालले. ‘कुत्री भुंकतात सान्चो, म्हणजे आपण पुढे चाललो आहोत’ हे वाक्य तर कादंबरीत कुठेच नाही, तरीही ते हटकून दोन किहोतेच्या नावावर सांगितले जाते. आपल्याकडे तुकोबांच्या नावावर किती ओळी खपतात हे आठवावे. न लिहिलेली वाक्येसुद्धा लोक ज्याच्या पदरी बांधतात, तो लेखक त्या भाषेच्या घरातला झालेला असतो.

पानगळ

कादंबरीकारांबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. आठव्या प्रकरणाच्या शेवटी गोष्ट ऐन लढाईत तुटते आणि नवव्यात निवेदक सांगतो की पुढचा मजकूर त्याला तोलेदोच्या बाजारात, रद्दी विकायला आलेल्या एका मुलाकडच्या वह्यांत सापडला. वह्या अरबी लिपीत होत्या आणि त्यांचा लेखक सीदे हामेते बेनेन्हेली नावाचा इतिहासकार होता. निवेदक एका मोरिस्कोला, म्हणजे बाटवल्या गेलेल्या मुसलमानाला, घरी ठेवून घेतो आणि मनुके व गहू या मजुरीवर दीड महिन्यात सगळ्याचा अनुवाद करून घेतो. म्हणजे स्पॅनिशमधले हे सर्वांत मोठे पुस्तक स्वतःला अरबीतून आलेला अनुवाद म्हणवते.

या एका युक्तीवर लॅटिन अमेरिकेतल्या मोठमोठ्या लेखकांचे घर उभे आहे. अर्जेंटिनाच्या बोर्हेसने १९३९ मध्ये पिएर मेनार्द नावाचा एक लेखक कल्पिला, जो दोन किहोतेची नक्कल न करता शब्द न् शब्द तेच पुस्तक नव्याने लिहू पाहतो, आणि तेच शब्द तीनशे वर्षांनी वेगळा अर्थ सांगू लागतात. गार्सिया मार्केसच्या माकोन्दो गावची कथाही शेवटी जुन्या हस्तलिखितांत आधीच लिहिलेली निघते, आणि ती हस्तलिखिते चक्क संस्कृतात असतात. ती लिहिणारा, सीदे हामेतेचा हा वंशज, आपल्या भाषेत लिहीत होता, हे वाचताना मला फार आनंद झाला होता.

खुद्द दोन किहोतेही संस्कृतात आला आहे. १९३० च्या दशकात एका अमेरिकी संग्राहकाच्या इच्छेवरून, ऑरेल स्टाइन यांच्या मध्यस्थीने, नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर झाडू या काश्मिरी पंडितांनी पहिल्या भागातल्या आठ प्रकरणांचा इंग्रजीवरून संस्कृत अनुवाद केला. पवनचक्क्यांचा प्रसंग आठव्या प्रकरणातच असल्यामुळे तोही देववाणीत येऊन पोचला. अनुवादाचे हे हस्तलिखित अनेक दशके हार्वर्डच्या ग्रंथालयात पडून होते आणि अलीकडेच छापले गेले.

नवी पालवी

सर्वांचे प्रतिसाद वाचून पुस्तक हाती घ्यावेसे वाटते आहे. मी स्पॅनिशच्या दुसऱ्या पातळीवर आहे. मूळ वाचायचा प्रयत्न केला, पण पहिल्या पानावरच शब्दकोश दहा वेळा उघडावा लागला. अक्षरवाटताई, कुठून सुरुवात करू?

अक्षरवाट (धागाकर्ती)

पालवी, शब्दकोश उघडावा लागला म्हणून खट्टू होऊ नका. जन्माने स्पॅनिश भाषिक असलेल्यांनाही सतराव्या शतकातली ही भाषा जड जाते. म्हणूनच आंद्रेस त्रापिएल्यो या लेखकाने चौदा वर्षे खपून सबंध कादंबरी आजच्या स्पॅनिशमध्ये आणली आणि ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ शब्दाला हात लावल्याबद्दल त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली. मला स्वतःला त्याचे काम उपकारक वाटते, कारण पहिली ओळ पाठ असलेल्या पण पुढे न गेलेल्या वाचकांसाठीच ते केलेले आहे. तुम्ही तीच आवृत्ती घ्या.

आणि सुरुवात पवनचक्क्यांपासून करू नका, तो प्रसंग सर्वांना ऐकून माहीत असतो. दुसऱ्या भागातले चोपन्नावे प्रकरण आधी वाचा. वर हद्दपार माणसांचा विषय निघाला आहे, त्याच्याशी ते थेट जोडलेले आहे. १६०९ पासून स्पेनने मोरिस्कोंना देशाबाहेर काढले होते. त्यांच्यातलाच एक रिकोते, सान्चोच्या गावचा दुकानदार, परदेशी यात्रेकरूच्या वेषात चोरून परत आलेला असतो आणि वाटेत त्याला सान्चो भेटतो. दोघे रस्ता सोडून झाडीत जातात, बरोबरच्या यात्रेकरूंसह गवतावर बसतात, शिदोऱ्या उघडतात. पाव, मीठ, सुऱ्या, अक्रोड, चीजचे तुकडे, मांस सरलेली पण चोखता येतील अशी हाडे, ऑलिव्ह, आणि प्रत्येकाची चामडी मद्याची पिशवी. सगळे एकदमच पिशव्या तोंडाला लावून डोळे आभाळाकडे लावतात, जणू नेम धरला आहे. जेवण झाल्यावर बाकीचे झोपी जातात आणि रिकोते सान्चोला आपल्या लोकांची हकीकत सांगतो, अरबीचा एकही शब्द मध्ये न येऊ देता, शुद्ध कास्तिलियनमध्ये. आम्ही कुठेही असलो तरी स्पेनसाठी रडतो, असे तो म्हणतो.

मग तो पुरून ठेवलेले धन काढायला सान्चोची मदत मागतो आणि दोनशे एस्कुदो देऊ करतो. सान्चो गरीब आहे, नुकतेच बेटाचे राज्य सोडून रिकाम्या हाताने निघाला आहे. तो नाही म्हणतो, कारण राजाच्या शत्रूला मदत करणे त्याला द्रोह वाटतो. पण त्याच दमात तो शेजाऱ्याला सांगतो की माझ्याकडून तुझे नाव फुटणार नाही, एवढ्यावर समाधान मान, आणि आपल्या गाढवावर बसून निघून जातो.